फडातली आग कुठल्या रकान्यात लिहायची?

पत्र असं आहे:

"सर, मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत चौथीला शिकवते. शाळा साखर कारखान्याच्या पट्ट्यात आहे. परवा फळ्यावर दोन रकाने आखले, नैसर्गिक प्रकाश आणि कृत्रिम प्रकाश. सूर्य, चंद्र, तारे, काजवा डावीकडे. पणती, कंदील, बल्ब, बॅटरी उजवीकडे. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात हमी कार्डावर (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते कार्ड) आलेला, ऊसतोड कुटुंबातला एक मुलगा उठला. म्हणाला, 'बाई, शॉर्टसर्किटनं ऊस पेटतो. कुणी पेटवत नाही. तो उजेड कुठं लिहायचा?' वर्ग हसला. मला काही सुचेना, म्हणून 'पुस्तकात आहे तेवढं लिही' असं म्हणून मी त्याला खाली बसवलं. तेव्हापासून पोरगं हात वर करत नाही. माझं चुकलं का? आणि हा पाठ पुन्हा घ्यायचा तर कसा घेऊ? साहित्याची पेटी नाही, प्रयोगशाळेचं तर नावच नको. शिवाय परीक्षेत एकच उत्तर बरोबर धरतात."

बाई,

चुकलं. पण तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणजे ते तुम्हाला आधीच कळलेलं होतं. तेव्हा त्यावर मी अधिक पीठ दळत नाही.

आधी त्या प्रश्नाकडे बघू. तो वात्रटपणा नाही. त्या मुलाचा जन्म फडात गेलाय. आई-बाप पहाटे कोयता घेऊन निघतात, तेव्हा कोपीपुढची, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढची, शेकोटी त्यानं पाहिलीय. रात्री गाडी भरताना ट्रॅक्टरचा झोत पाहिलाय. तारांना तारा घासून ठिणगी पडते आणि वाळल्या पाचटाला धरते, तेव्हा मैलभर उजेड कसा पडतो, हेही त्यानं पाहिलं असणार. उजेडाचे एवढे प्रकार त्या वर्गात दुसऱ्या कुणी पाहिले नसतील, कदाचित तुम्हीही नाही. त्यानं तुमच्या दोन रकान्यांत स्वतःचा उजेड शोधला आणि त्याला तो सापडला नाही, एवढंच झालं.

अडचण रकान्यांची आहे. आपण मुलांना यादी देतो, नियम देत नाही. 'सूर्य नैसर्गिक, बल्ब कृत्रिम' हे पाठ करायला पाच मिनिटं पुरतात आणि मग यादीबाहेरची पहिलीच वस्तू आली की गाडं अडतं. मी माझ्या वर्गात पुढे पुढे एक प्रश्न वापरायला लागलो: माणूस नावाचा प्राणी पृथ्वीवर नसताच, तर हा उजेड असता का?

बघा हा प्रश्न कसा काम करतो. चांदणं? असतं. काजवा? असता. आभाळातली वीज? असती. वीज पडून पेटलेला वणवा? तोही असता, म्हणजे तो नैसर्गिक. कोपीपुढची शेकोटी? ती नसती. आता गंमत अशी की वणवाही आगच आणि शेकोटीही आगच. ज्वाला तीच, रंग तोच, धूर तोच, आणि तरी दोन वेगवेगळ्या रकान्यांत. म्हणजे नैसर्गिक-कृत्रिम ही खूण ज्वाळेवर नसते, ती तिच्यामागच्या हातावर असते. हे चौथीच्या मुलाला कळतं. मोठ्यांना सांगताना जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव.

आणि फडातली आग? कुणी काडी लावली नाही हे खरं, पण ती तार माणसानं ओढली. माणूस नसता तर तार नसती, आणि तो ऊसही असा एकराएकरानं उभा नसता. मी तिला कृत्रिम म्हणेन. पण एखादी मुलगी उठून म्हणाली, 'गुरुजी, कृत्रिम म्हणजे मुद्दाम केलेलं, हे तर चुकून झालं', तर मी तिला चूक ठरवणार नाही. तिनं व्याख्या तपासायला घेतली, आणि मला तेच तर हवं होतं. दोन गट पाडून भांडू द्या अर्धा तास. फक्त शेवटी दोन्ही बाजूंना विचारा: तुम्ही 'कृत्रिम' या शब्दाचा अर्थ काय धरलात?

आता दुसरी गोष्ट. चंद्र तुम्ही नैसर्गिकमध्ये लिहिलात ते बरोबर आहे, पण तिथंच सोडलंत तर मुलं चंद्राला दिवा समजतात. चांदणं उसनं आहे. चंद्राचा पृष्ठभाग काळपट आहे, जुन्या डांबरी रस्त्याइतका. त्याच्यावर पडलेल्या सूर्यप्रकाशातला जेमतेम बारा टक्के तो परत पाठवतो. रात्री मागे आभाळ काळं असतं, म्हणून तो आपल्याला दुधासारखा दिसतो. कोजागरीला आपण डांबराच्या उजेडात दूध आटवतो असं मी एकदा वर्गात म्हणालो होतो, तर एका पोरानं घरी जाऊन आजीला तेच सांगितलं आणि आजी दुसऱ्या दिवशी शाळेत हजर! असो.

तर प्रश्न एक नाही, दोन आहेत. माणूस नसता तर असता का? आणि उजेड स्वतःचा की उसना? दोन प्रश्नांचे दोन रकाने नाही होत, चार घरं होतात. फळा सोडा, मैदानात या. चुन्यानं किंवा खडूनं मोठी फुली मारा, चार घरं पाडा. प्रत्येक मुलाला एक चिठ्ठी द्या आणि आपापल्या घरात उभं राहायला सांगा. सूर्य, तारा, काजवा, आकाशातली वीज एका घरात. चंद्र, शुक्राची चांदणी त्याच्या शेजारच्या घरात, कारण शुक्रही उसनवारच. पणती, चिमणी, कंदील, गॅसबत्ती, एलईडी तिसऱ्या घरात. चौथं घर, म्हणजे माणसानं केलेलं आणि उसन्या उजेडाचं, सुरुवातीला रिकामं राहील. मुलं गोंधळतील. गोंधळू द्या.

मग हळूच विचारा, उसाच्या ट्रॉलीच्या मागे काय चमकतं?

"रेडियम!" सगळी एकदम ओरडतील. आपल्याकडे त्या लाल-पांढऱ्या पट्टीला रेडियमच म्हणतात. तिच्यात रेडियम औषधालाही नाही. मागच्या गाडीचा झोत जिकडून येतो तिकडेच परत फिरवणारे बारीक मणी किंवा आरशासारखे कोपरे त्यात असतात. अंधारात नुसती पट्टी बघितली तर ती काळीठिक्कर. खरं रेडियम शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायच्या रंगात असायचं. ते अंधारात खरोखर चमकायचं, आणि रंगवणाऱ्या मुलींच्या जिवावर उठलं. ती वस्तू गेली, नाव मात्र आपल्या ट्रॉलीवर येऊन चिकटलं. बघा, चौथ्या घराचा पहिला मानकरी तुमच्या त्या मुलाच्या रोजच्या बघण्यातला आहे. बैलगाडीलाही हल्ली ही पट्टी लावतात.

त्याच ओघात कुणी तरी मांजराचे डोळे काढतंच. १९८९ साली एका मुलीनं मला विचारलं होतं, "गुरुजी, मांजरीच्या डोळ्यात दिवा कोण लावतं?" मी तिला तुमच्यासारखंच खाली बसवलं होतं. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो, आत गेलेला उजेड तो बाहेर फेकतो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत मांजराचे डोळे चमकत नाहीत. हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

आता साहित्याचं. तुम्ही लिहिता, पेटी नाही. तुमच्या शाळेवर पत्रा आहे का? कौलं? मग खिळा निघून गेलेलं एखादं भोक असेल, आणि अकरा-बाराच्या सुमारास जमिनीवर कवडसा पडत असेल. तो बघायला मुलांना गुडघ्यावर बसवा. कवडसा गोल असतो. आता वर भोकाकडे बघा (कवडशात डोळा घालून नव्हे, बाजूनं). भोक गोल आहे? बहुतेक वेळा नसतं. फाटकं, वाकडंतिकडं, कधी नुसती चीर. भोक वाकडं आणि कवडसा गोल, हे कसं?

मी स्वतः हे नोकरीच्या बाराव्या वर्षी पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि तोवर बारा वर्षं मी प्रकाश शिकवत होतो.

कारण असं की तो गोल भोकाचा नाहीच. तो सूर्याचा आहे. छोट्या भोकातून सूर्याचं चित्र जमिनीवर पडतं. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, तेव्हा झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. पानापानांतल्या फटी त्याच होत्या, पण वर सूर्यच खाल्लेला होता.

पत्रा शाबूत असेल तर (तसा तो असावाच) खिशातला आरसा घ्या. त्यावर कागद चिकटवा आणि कागदाला तुरीच्या डाळीएवढं त्रिकोणी भोक पाडा. आरसा उन्हात धरून उजेड भिंतीवर टाका. हातभर अंतरावर भिंतीवर त्रिकोण दिसेल. मुलाला आरसा घेऊन मागे मागे सरकायला सांगा. त्रिकोणाचे कोपरे झिजायला लागतील, आणि तीस फुटांवर गेल्यावर अंधाऱ्या व्हरांड्याच्या भिंतीवर साडेतीन इंचांचा गोल उभा राहील. वर्ग त्या क्षणी एकदम गप्प होतो. आरशात कुणी डोकावायचं नाही आणि कुणाच्या डोळ्यावर झोत मारायचा नाही, हे आधीच दरडावून सांगा. ही एक जागा अशी आहे जिथं मी अजूनही छडी जवळ ठेवीन.

आता ट्यूबची पाळी. खिडक्या लावून घ्या, ट्यूब लावा, आणि पुठ्ठ्याला तसंच भोक पाडून तो टेबलावरच्या पांढऱ्या कागदाच्या वर वीतभर धरा. इथं गोल पडत नाही. एक फिकट, लांब पट्टी पडते, दहा-बारा सेंटीमीटरची. तीच ट्यूब, छोटी होऊन. पुठ्ठा फिरवला तरी पट्टीची दिशा फिरत नाही. म्हणजे उजेड आपल्याबरोबर आपल्या उगमाचं चित्र घेऊन येतो. कुणी पाठवला, हे विचारायची सोय त्याच्यातच आहे, फक्त एक बारीक भोक हवं.

मोठ्या मुलांसाठी, म्हणजे शेजारच्या वर्गाला हवं असेल तर, एक हिशोब आहे. कवडशाची रुंदी मोजा आणि भोकापासून त्याचं अंतर मोजा. अंतराला रुंदीनं भागलं की उत्तर १०८ च्या आसपास येतं. दहा फुटांवरच्या पत्र्यातून साधारण इंचभर कवडसा, बघा ताडून. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. १५ कोटींना १०८ नं भागा, १४ लाखांच्या जवळ पोचाल. तोच सूर्याचा व्यास, किलोमीटरमध्ये. फुटक्या पत्र्यावर सूर्य मोजला! १०८ म्हटलं की कुणी तरी जपमाळ काढेल. तो योगायोग आहे; त्यात शिरू नका, अर्धा तास जाईल.

दुसरं फुकटचं साहित्य म्हणजे जुनी सीडी. गावात कुणाच्या तरी ट्रॅक्टरला लटकत असते. ती उन्हात धरून तिचा उजेड भिंतीवर पाडा. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग एकात एक मिसळलेले दिसतील, कुठं खंड नाही. (सीडीत सूर्याकडे थेट बघायचं नाही, तो आरसाच आहे.) मग वर्गात या आणि दिव्याचं प्रतिबिंब सीडीत तिरकं बघा. घरी जुना पिवळा बल्ब असेल तर पट्टा सलग दिसतो, कारण आतली तार नुसती तापून लाल-पिवळी झालेली असते, काहीशी सूर्यासारखीच. सीएफएल बघितला तर पट्टा तुटलेला. निळी एक आकृती, हिरवी एक, तांबडी एक, मध्ये काळोख. एलईडी बघितला तर निळा ठळक, त्यानंतर थोडा अंधूक खळगा, मग हिरवा-पिवळा-तांबडा. पांढऱ्या एलईडीच्या पोटात खरं तर निळा दिवा असतो आणि त्यावर पिवळ्या पुडीचा लेप. निळ्यातला थोडा तसाच बाहेर येतो, थोडा लेपात पिवळा होतो, दोन्ही मिसळून आपल्याला पांढरं दिसतं. हा निळा दिवा जमवायला शास्त्रज्ञांची दोन-तीन दशकं गेली, आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना त्याबद्दलच मिळालं.

मुलांना हे दूरचं वाटलं तर आईकडे पाठवा. साडीच्या दुकानात आई साडी घेऊन दाराशी का जाते? 'उजेडात बघू द्या' म्हणते, म्हणजे दुकानात काय अंधार असतो? दहा ट्यूबा जळत असतात. पण त्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात, म्हणून आतली गर्द निळी दारात गेल्यावर जांभळी निघते. हे आपल्या बायकांना सीडीशिवाय ठाऊक आहे.

इथं एक खोड मोडायला हवी. 'नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते वाईट' असं मुलं आपोआप धरून चालतात, आणि आपण फळ्यावर 'सूर्यप्रकाशाचे फायदे' लिहून त्याला खतपाणी घालतो. २८ फेब्रुवारी आता तोंडावर आहे, विज्ञान दिनाला भाषणं होतील, तेव्हा हे सांगा. १९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन द्रवांतून उजेड सोडून तो कसा विखुरतो ते पाहत होते. सुरुवातीला त्यांनी सूर्यप्रकाशच वापरला, गाळून, एकवटून. पण सूर्याच्या उजेडात सगळेच रंग. त्या गर्दीत एखादा नवा रंग उमटला तर तो शोधायचा कसा? पुढे त्यांनी पाऱ्याच्या वाफेचा दिवा घेतला. त्याच्यात मोजक्याच ठळक रेघा असतात, मध्ये काळोख. त्या काळोखात नवी रेघ आली की ती लपत नाही. तुमच्या सीडीत सीएफएलचा तुटका पट्टा दिसला होता ना, तीच ही गोष्ट, आणि सीएफएलच्या पोटातही पाराच असतो. म्हणून तो फुटू देऊ नका.

काजव्याबद्दल थोडक्यात. तो आता मिळणार नाही, मृगाच्या आगेमागे या. सह्याद्रीच्या कुशीत, भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या बाजूला तेव्हा झाडंच्या झाडं लुकलुकतात. काजव्याच्या पोटात एक रसायन हवेतल्या प्राणवायूशी मिळतं आणि उजेड होतो, उष्णता जवळजवळ नाहीच. म्हणून तो हातावर घेतला तरी चटका बसत नाही. नर लुकलुकून मादीला साद घालतो. बघायला गेलेल्यांच्या बॅटऱ्या आणि गाड्यांचे झोत मध्ये आले की त्यांची ती साद एकमेकांना दिसत नाही. एका उजेडानं दुसरा उजेड बुजवायचा, हा प्रकार नैसर्गिक-कृत्रिमच्या पाठात यायला हवा असं मला वाटतं. पुस्तकात नसला तरी. आणि काजवे बाटलीत भरायला मात्र मुलांना सांगू नका.

परीक्षा. बुद्धिमत्तेच्या पेपरात 'गटात न बसणारे पद ओळखा' म्हणून सूर्य, तारा, चंद्र, काजवा असं विचारलं, तर उत्तर चंद्र, कारण बाकीच्यांचा उजेड स्वतःचा. सूर्य, चंद्र, काजवा, पणती असं विचारलं, तर प्रश्न काढणाऱ्याला पणती हवी आहे, पण चंद्रही बसत नाही. मुलांना हे स्पष्ट सांगा: इथं दोन उत्तरं निघतात, गुण मिळवायला पणती लिही, आणि शंका आली ती वहीच्या मागच्या पानावर लिहून मला दाखव. गुणही हवेत आणि शंकाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चार घरांचा खेळ खेळलेलं मूल या प्रश्नात अडकत नाही, ते पर्याय वाचतानाच कुठला गट तपासायचा ते ठरवतं.

राहता राहिला तो मुलगा. त्याला बाजूला बोलावून समजूत काढू नका. तुम्ही त्याला वर्गासमोर बसवलंत, तर उठवायचंही वर्गासमोरच. लांबलचक काही नको. "परवा यानं जे विचारलं त्याचं उत्तर मला आलं नाही, म्हणून मी त्याला खाली बसवलं. आज आपण ते शोधू." एवढं पुरे. मुलं अशा वेळी बाईंना हसत नाहीत, हा धोका आपण उगाच मनात धरून बसतो. 'माफ कर' वगैरे म्हटलंत तर तोच बिचारा जमिनीत जाईल.

फार दिवस मात्र घालवू नका. मार्चच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल, टोळी गावाकडे निघेल, आणि तो हमी कार्ड घेऊन दुसऱ्या शाळेत जाऊन बसेल. त्याच्या आत एक दिवस मैदानात फुली मारा, चुन्याचं डबडं त्याच्याच हातात द्या. सगळ्या चिठ्ठ्या वाटून झाल्यावर 'फडातली आग' ही चिठ्ठी शेवटी त्याला द्या, आणि तो कुठल्या घरात जाऊन उभा राहतो ते मला कळवा. पोस्टकार्ड चालेल.